दाजींच्या पायाखालचा ब्रेक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मोटार चालवायला शिकवतात. शिकणारे त्यांना पाठीमागे ‘सावकाश सर’ म्हणतात, कारण गाडी जागेवर उभी असली तरी ते ‘सावकाश’ म्हणतात. ज्यांनी कधी क्लास लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिकवण्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसलेल्या सरांच्या. शिकणारा गडबडला की सरांनी दाबायचा, एवढंच त्याचं काम.

त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, गेल्या वर्षी मित्राची गाडी घेऊन बाहेर पडला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळला. भर दुपार, सरळ रस्ता. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठेही नव्हती. पोलीस म्हणाले, डुलकी लागली असणार. ताईनं ते वाक्य पदरात घट्ट बांधून घेतलं. “झोपेतच गेला हो, त्याला काही कळलंसुद्धा नाही,” असं ती भेटेल त्याला सांगायची. कुणी विचारलं नसलं तरी सांगायची, आणि मग जरा वेळ बरी असायची.

दाजी मात्र तोंडाला कुलूप लावून लगेच कामावर हजर. रडले नाहीत, पोराचं नाव काढलं नाही. फक्त त्यांचा पाय ब्रेकवरून हटेना. लांबवर सायकल दिसली की ब्रेक. रस्ता मोकळा असला तरी ब्रेक. शिकायला आलेल्या एका बाईंचं कपाळ स्टेअरिंगवर आपटता आपटता वाचलं. एकानं सरळ दुसरा क्लास धरला. मालक भला माणूस, पण तोही धंदा घेऊन बसलाय. तो म्हणाला, “सर, कुणाला तरी दाखवा. तोवर गाडी नको.”

घरी ताई वेगळ्याच कारणानं मेटाकुटीला आली होती. “माझ्याशी नसेल बोलायचं तर नका बोलू,” ती त्यांना म्हणाली, “पण कुणाजवळ तरी बोला. या घरात त्याची आईही मीच आणि बापही मीच, असं किती दिवस चालायचं?” तिला खरंच वाटत होतं, की हे बोलले की संसार पुन्हा मार्गी लागेल. मलाही वाटत होतं. म्हणून समुपदेशनाला न्यायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी कुरकुर केली नाही.

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. दोन खुर्च्या समोरासमोर, मधल्या टीपॉयवर टिश्यूंचा डबा. तो डबा बघूनच माझं डोकं फिरलं. आल्या आल्या रडा, असं सांगितल्यासारखा तो मधोमध मांडला होता. मॅडम वयानं दाजींच्या निम्म्या असतील. पहिल्या भेटीत त्यांनी मलाही आत, दाराजवळच्या स्टुलावर बसू दिलं. इथलं बोलणं इथंच राहील, म्हणाल्या. मी सल्ले देणार नाही, प्रश्न विचारीन. आठवड्यातून एकदा यायचं. आणि सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी त्रास वाढेल, येणं बंद करावंसं वाटेल, तेव्हा तसं मला सांगायचं.

“कोर्स किती दिवसांचा?” दाजींनी विचारलं.

“तसं आधी ठरवता येत नाही.”

“मग शेवटी टेस्ट कोण घेतं?”

मॅडम हसल्या. मी हसलो नाही, कारण दाजी गंमत करत नव्हते. ते उठले, आपली खुर्ची उचलून मॅडमच्या शेजारी नेली आणि खिडकीकडे तोंड करून लावली. सगळा जन्म त्यांनी माणसाच्या शेजारी बसून, समोर बघतच बोलण्यात काढलेला. मॅडमनी आपलीही खुर्ची वळवून घेतली. त्याबद्दल मी त्यांना मानलं.

पुढे त्रास वाढला, अगदी सांगितला होता तसा. दाजींचं जेवण सुटलं. न्हाणीघरात नळ सोडून ते रडायचे आणि नळ बंद केला की आवाज बाहेर यायचा. ताई बाहेर उभी राहून ऐकायची. “रडतायत रे,” ती मला फोनवर म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात जीव आला होता. मीही वेडा, मिठाई घेऊन गेलो.

मग एक दिवस दाजी मॅडमजवळ बोलले. मॅडमनी विचारलं, हे घरी कधी सांगावंसं वाटतं का? घाई नाही, वाटेल तेव्हा. आता दाजींची शिकवण्याची पद्धत अशी, की मैदानात जे जमलं ते त्याच दिवशी रस्त्यावर करून बघायचं, नाहीतर पाय विसरतो. मॅडमना हे कुठून माहीत असणार?

त्या संध्याकाळी मी तिथेच जेवायला होतो. दाजींनी खुर्ची ताईच्या शेजारी ओढली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “तो झोपला नव्हता.”

ताईचा घास हातातच राहिला.

“त्याला शिकवताना प्रत्येक वेळी ब्रेक मीच दाबला. त्याचा पाय पोचायच्या आत. लोकांच्या पोरांना चुकू दिलं मी. आपल्या पोराच्या वेळी मला धीरच निघायचा नाही. लायसनच्या टेस्टला साहेब मागे बसले होते, तेव्हासुद्धा मीच दाबला. त्याला वाटायचं, आपणच थांबवली. त्याला ट्रक दिसला असणार. गाडी थांबायची वाट बघत बसला असणार तो.”

मग ताईनं विचारलं, “हे कधीपासून आहे तुमच्या मनात?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग गप्प राहायला काय झालं होतं?” ताई म्हणाली.

ती उठली, हात धुतले आणि माझ्याबरोबर माझ्या घरी आली. अजून परत गेलेली नाही. दाजी एकदाही न्यायला आले नाहीत, आणि मला त्यांचा राग यायला हवा, पण येत नाही. ते दर आठवड्याला मॅडमकडे जातात. आता मोकळे होतायत, असं मॅडमचं म्हणणं. पायही ताळ्यावर आलाय, मालकानं पुन्हा गाडी दिलीय.

ताई माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसते. मधेच हात थांबवून विचारते, “बघितलं असेल का रे त्यानं?”

“नाही गं, झोपला होता तो,” मी म्हणतो.

ती समजल्यासारखी मान हलवते. जरा वेळानं म्हणते, “पण किती वेळ बघितलं असेल?”