कुरवाच्या अंगावरची ऊ

धम्मानंद आमच्या लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे, आणि पक्ष्यांच्या अंगावरच्या उवा त्याच्याइतक्या ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी तिथला विभागप्रमुख. माझ्या नावावर उवांवरचे चार शोधनिबंध आहेत आणि त्यातली एकही ऊ मी स्वतः ओळखलेली नाही, हे आता सांगूनच टाकतो. कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही.

उवांचं नाव काढलं की लोक डोकं खाजवायला लागतात. तसं काही नाही. पक्ष्याची ऊ माणसाच्या अंगावर टिकत नाही, आणि बहुतेक पक्ष्यांची आपापली ऊ ठरलेली असते. कुरव हा खरा समुद्रावरचा पक्षी. हिवाळ्यात त्याचे काही थवे आमच्या तलावांवर उतरतात आणि उवा अंगावर घेऊनच येतात. डोक्यावरची बुटकी, रुंद. पंखावरची सडपातळ, पिसाच्या फटीत बसणारी. ऊ उडत नाही की उडी मारत नाही. अंगाला अंग लागलं तरच ती घर बदलते, आणि धम्मानंदचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं.

म्हणून चाकूरकडच्या तलावावरच्या भोयांना त्याने शिस्त लावली आहे. मेलेला पक्षी सापडला की वेगळ्या कापडी पिशवीत घालायचा आणि तोंड आवळून बांधायचं. पिशव्या त्याची बायको महामाया जुन्या लुगड्यांच्या शिवून देते. दोन पक्षी एका पोत्यात आले तर तो ते न तपासता पुरून टाकतो, मी कितीही बोंबललो तरी.

यंदा जानेवारीत मल्लेश भोई दोन आठवड्यांत अकरा पिशव्या घेऊन आला. एरवी अख्ख्या हिवाळ्यात दोन यायच्या.

"पाण्यावर आजून लई हायत, सर," तो दारातूनच म्हणाला. "मान वाकडी करून गोल गोल फिरतेत अन् मरतेत."

थंडीने मरत असतील, असं म्हणून मी विषय संपवला. धम्मानंदने हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला आणि कामाला बसला.

चौथ्या दिवशी त्याने मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. काचेवर एक पिवळसर ऊ होती, पोटाच्या एकेका पट्ट्यावर केसांच्या दोन-दोन रांगा.

"ही कुरवाची न्हाई, सर. कोंबडीची हाय. अकरातल्या सात पक्ष्यांवर घावली."

अर्थ माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. कोंबडी मरून गार पडली की तिच्या उवा गरम अंग शोधतात. कुरव मेलेलंही खातो. म्हणजे कोणीतरी मेलेल्या कोंबड्या तलावात टाकत होतं, आणि त्यांच्यावर तुटून पडणारे कुरव मरत होते. बर्ड फ्लू असावा, आणि तो माणसालाही लागू शकतो. त्या तलावाच्या काठाला कोंबड्यांची शेड एकच आहे, धम्मानंदच्या जावयाची, रविकांतची. आणि शेड झाडायला रोज सकाळी धम्मानंदची लेक विशाखा जाते. तिला पाचवा महिना लागला होता.

त्याने माझ्यासमोरच तिला फोन लावला.

"जय भीम, बाबा."

"कोंबड्या मरून राहिल्यात का गं?"

"न्हाई. समदं बरं हाय," ती म्हणाली आणि खोकायला लागली. खोकला थांबेना, तेव्हा तिने फोन ठेवून दिला.

मग मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. "लिहून टाक, पक्षी कोंबड्यांच्याच पोत्यात घालून आणले होते. कोण विचारतंय? शेडला सील लागेल, सगळ्या कोंबड्या मारून पुरतील, आणि लेक तुझं तोंड पाहणार नाही." मला वाटत होतं, मी त्याच्यावर उपकारच करतोय.

"एकेका पिशवीत एकेकच आलाय, सर," तो म्हणाला. "अन् तिथं मेलेली कोंबडी उचलायला माझी लेकच वाकत असंल ना."

माझ्याच गाडीतून आम्ही निघालो. शेडभोवती जाड चुना पसरला होता. हजारो कोंबड्यांच्या जागी जेमतेम कुठेतरी कुकुकू ऐकू येत होतं. रविकांत फाटकातच आडवा उभा राहिला.

"बिमारीगिमारी काय न्हाई, मामा. थंडीनं दोन-चार गेल्या."

त्याच्या मागून विशाखा आली. तोंडाला पदर बांधलेला, डोळे लाल. धम्मानंदने तिच्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. मला फार भीती वाटली, तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही.

त्याने खिशातून फोन काढला. रविकांत हात जोडून, "मामा, पाया पडतो, घर बसंल आमचं," म्हणत राहिला. धम्मानंदने जनावरांच्या डॉक्टरांना शेडचा पत्ता सांगितला, मेलेल्या कुरवांचं सांगितलं. मग दवाखान्याला फोन लावला.

"दोन जिवांची बाई हाय, तापानं फणफणलीय. गाडी पाठवा."

पलीकडून नातं विचारलं.

"माझी लेक हाय ती," तो म्हणाला.

विशाखा खाद्याच्या पोत्यावर बसली. आता ती बापावर ओरडणार, असं मला वाटलं. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, फोन ठिवू नका," ती म्हणाली. "सासूबाई दोन दिसांपासून उठल्या न्हाईत. अन् काल तीनशे कोंबड्या निलंग्याच्या बाजाराला गेल्यात."