फ्रिजमधल्या लाल प्लेटा

सर आपला पांढरा दुपट्टा टेबलावर पसरायचे, त्यावर पेनानं एखाद्या पोट्ट्याचं नाव लिहायचे, घट्ट गुंडाळायचे आणि त्यालाच म्हणायचे, "वाच."

"दिसून नाई राह्यलं, सर."

"मंग मी खोडलं का? नाई ना? तसंच जीन मेलं नाई बे, गप बसलं हाय!"

असा मास्तर तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमचे सर अमरावतीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते, रोज अकोल्याहून यायचे. डीएनएचा दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, गुंडाळी घट्ट झाली की तिथलं जीन बंद, हे आम्हाला त्या दुपट्ट्यानंच शिकवलं. दुपट्टा धुताना त्यांची आई विचारायची म्हणे, "आज कोणाले घेऊन आला रे?"

मी सरांची नक्कल करायचो. मान वाकडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एकदा ते मागेच उभे. सर म्हणाले, "मान आणखी डावीकडं घे. माया मानेत लचक हाय, माज नाई."

पीएचडीसाठी ते यीस्टवर काम करायचे. महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. प्रबंध गेला तरच कायम नोकरीची आशा. फक्त शेवटचा प्रयोग राहिला होता.

त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती. आम्हा पोरांना लॅब आवरायला लावली. ज्याला जे दिसेल ते आवरत होता. फ्रिज मी उघडला. आत वीसेक प्लेटा, म्हणजे यीस्ट वाढवायच्या झाकणाच्या चपट्या बशा, पण यीस्ट लाल. यीस्टच्या काही ठिपक्यांत पांढऱ्या-लाल फाका. आम्ही शिकलो होतो, यीस्ट पांढरं असतं, रंग दिसला की घाण शिरली. मी सगळ्या थैलीत भरल्या, ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत शिजवल्या आणि वर शिट्टी मारत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सर फ्रिजचं दार धरून कितीतरी वेळ उभे होते. तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्या यीस्टमधलं एक जीन चालू असलं तर ठिपका पांढरा, ते बंद पडलं तर लाल. हिस्टोन बदलल्यावर किती लाल राहतात, तेच मोजायचं होतं. रंग गडद व्हावा म्हणून प्लेटा थंडीत ठेवल्या होत्या.

"कोणं टाकल्या?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"मी नाई." "मी नाई, सर." एकेक जण बोलला. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

"जाऊ द्या," सरच म्हणाले. "मायंच चुकलं. वर चिठ्ठी लावाले पायजे होती."

नव्यानं सगळं वाढवायला दिवस पुरले नाहीत. मुदत संपली. पुढच्या सत्रात सर आलेच नाहीत.

वर्षभरानं कळलं, ते अमरावतीजवळच नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहेत. मी जेवणाच्या सुट्टीत गेटावर जाऊन उभा राहिलो. सर आले. दुपट्टा नव्हता, निळा गणवेश होता.

"सर, त्या प्लेटा मी..."

"मालूम हाय बे."

"कोणं सांगतलं?"

"कोणंच नाई. त्या दिवशी साऱ्या पोट्ट्यायनं तोंड उघडलं, एकटा तूच बोलला नाई. एरवी तुयं तोंड बंद राह्यते का?"

"मंग मले धरलं काहून नाई?"

"तुयी परीक्षा होती. दोघायचं वर्ष कायले घालवाचं?"

भोंगा झाला. आत यंत्रांचा आवाज फार, म्हणून सरांनी खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत घातला आणि चालू लागले. ते अर्ध्या वाटेवर गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, माफी मागायची राहूनच गेली.

मी ओरडलो. गेटावरचा वॉचमन वळून बघायला लागला. सर चालतच राहिले.