भट्टीवर न गेलेली जोडी

आवडीच्या प्रेमाला वाडीत कोणीच आडवं आलं नाही, आणि तिथेच तिची पंचाईत झाली.

जिते गावाच्या वरच्या अंगाला त्यांची कातकरवाडी. आवडी पेणच्या कॉलेजात बारावीला. लहानपणी आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाण्यात शाळेची वर्षं बुडाली, म्हणून अठरावं सरलं तरी ती अजून शिकतच होती. पावसाळ्यात आई, शांती, तापाने पडली आणि करटोल्यांची पाटी घेऊन आवडी पेणच्या बाजारात बसली. शेजारी रोह्याकडचा दिनेश खेकडे विकत होता. सर आली तसं त्याने आपलं प्लास्टिक तिच्या पाटीवर ओढलं आणि स्वतः भिजत बसला. पुढे शांती बरी झाली, तरी सुट्टीच्या दिवशी बाजाराला आवडीच जायची.

दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम वाडीत आला. त्याला नवराबायकोच्या जोड्याच हव्या होत्या. आवडीचा बाप बुधा खूश झाला.

"पोरगा आवडतो ना? मग जा त्याच्यासंगं. लगीन करू सवडीनं."

दिनेश मामाला घेऊन आला. येताना पिवळी साडी आणली. आवडीने ती घडी न मोडता त्याच्या मांडीवर परत ठेवली.

"पोरगा मला आवडतो. पन भट्टीवर मी जानार नाय. बारावी करनार, मग नर्सचं शिकनार. त्याच्या आधी लगीन नाय."

"मंग आवडतो म्हनतेस कशाला गो?" मामा भडकला.

"आवडतो म्हनून त्याच्या तोंडावर सांगते. मी विटांच्या राशीत चालायला शिकले. माजी पोरं तिथं नाय शिकनार."

बुधाने हात उगारला. आवडी जागची हलली नाही.

"मार. सकाळी मी कॉलेजच्या गाडीला हायेच."

बुधाचा हात खाली आला. मग दिनेश म्हणाला, "किती थांबू?"

"नको वाटलं तर नको थांबू."

तो साडी घेऊन निघून गेला. आवडी घरामागे जाऊन पोटभर रडली आणि सकाळी पेणला गेली.

आईबाप भट्टीवर गेले. ती वाडीतच हौसाआत्याकडे राहिली. पाण्यावर बाया टोमणे मारायच्या, "कलेक्टर व्हनार जनू!"

"नाय, नर्स. तुमच्या पोरांना सुई मीच टोचनार."

परीक्षा संपल्यावर दिनेश बाजारात भेटला. तो रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत मालाच्या चढउतारीला लागला होता.

"भट्टीवर नाय गेलो," तो म्हणाला.

"माज्यासाठी?"

"माज्यासाठी. धुरानं खोकला व्हतो."

आवडीला किती दिवसांनी हसू फुटलं.

आता ती अलिबागला नर्सिंग शिकते. दिनेश भेटला की लग्नाचं काढतो. ती म्हणते, कोर्स होऊ दे. बुधा अजून तिच्याशी धड बोलत नाही. सुट्टीत घरी आली की ती त्याच्या समोरच जेवायला बसते, आणि तो उठेपर्यंत उठत नाही.