टक् वाजेपर्यंत

या देशात कोणाच्याही घरात बंदूक असू नये, हे माझं मत आहे आणि ते मी लंडनजवळच्या स्लाऊ गावात, हाय स्ट्रीटवर उभी राहून, पत्रकं वाटत, लोकांच्या ट्रॉल्या अडवून मांडलेलं आहे. या मताला अपवाद करावा असा जगाच्या पाठीवर एकच माणूस मला माहीत आहे, आणि माझं दुर्दैव असं की बंदूक नेमकी त्याच्याच घरात आहे. त्याच्या हिशेबाने एक, कायद्याच्या हिशेबाने दीड, माझ्या हिशेबाने दोन.

हा माणूस म्हणजे आमचे भूलवाले काका. माझी आई आणि ते एकाच हॉस्पिटलात होते. आई लेबर वॉर्डात, काका ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायला. पुढे ते रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगा टोरांटोला स्थायिक झाला, माझे आईबाबा केंब्रिजला दादाजवळ राहायला गेले, मी लंडनमध्ये एजवेअरला खोली घेतली, आणि स्लाऊच्या त्या सेमी-डिटॅच्ड घरात काका आणि त्यांची रायफल उरली. ही रायफल मॉड्युलर आहे. म्हणजे दस्ता, चाप आणि मधला सांगाडा एकच. नळी तेवढी बदलते. बारीक गोळीची नळी काढायची, जाड गोळीची बसवायची, बोल्टचं तोंड बदलायचं, स्क्रू आवळायचे, झाली दुसरी रायफल. स्क्रू आवळायला एक खास पाना असतो. जोर किती लावायचा ते त्याच्यावर आधी ठरवून ठेवायचं. तेवढा लागला की तो टक् असा वाजतो. "टक् वाजलं की हात काढायचा," काका सांगतात. "माणसं तिथून पुढे पिळत बसतात. बिघाड सगळा टक् नंतरचा असतो."

एक सांगाडा आणि बदलते भाग, हे तत्त्व काकांनी रायफलीपुरतं ठेवलं असतं तर मला तक्रार नव्हती. त्यांनी ते संसाराला लावलं. आठवड्याचं वरण ते एकदाच शिजवतात आणि रोज फोडणी बदलतात; सोमवारी हिंग-मोहरी, मंगळवारी लसूण, बुधवारी जिरं आणि लाल मिरची. जेवायला बसताना "आज लसणाचं कॅलिबर" असं जाहीर करतात, ऐकायला कोणी असो नसो. व्हॅक्युम क्लीनरच्या दांड्याला कुंचा लावून जाळी काढतात, त्याच दांड्याला चमचा बांधून पक्ष्यांना दाणे घालतात. तो टक् वाजणारा पाना तर कुकरच्या मुठीपासून शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनपर्यंत सगळीकडे फिरून आला आहे. इथल्या मराठी मंडळातलं त्यांचं भाषणसुद्धा मॉड्युलर होतं. मधला भाग कायमचा: परका देश, कष्ट, माणसं जोडणं, मनमिळाऊ स्वभाव. प्रसंग बघून तोंड आणि शेपूट बदलायचं. एकदा एका गृहस्थांच्या एकसष्टीला ते तोंड बदलायला विसरले नाहीत, शेपूट बदलायला विसरले, आणि "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो" असं म्हणून खाली बसले. सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत जिलबी खात होते. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, अजून जरा वेळ द्या मला." काकू तेव्हा होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

बंदुकांविरुद्धचं माझं पत्रक मी काकांना स्वतः नेऊन दिलं होतं. पाठीमागून वार करणं मला पटत नाही. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "लायब्ररी वाचवा म्हणून काढलं होतंस, तेच की गं हे. वरची ओळ बदललीस फक्त. शेवटचं 'आता पुरे' पण तिथलंच आहे."

"काका, मुद्दे वेगळे आहेत."

"सांगाडा चांगला आहे, म्हणूनच म्हणतो. पण तू टक् नंतर पिळतेस. पहिल्या पानावर मला पटलं होतं. तिसऱ्या पानावर आणखी एक रायफल घ्यावीशी वाटली."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. या देशात ज्यांना राग येत नाही त्यांच्यामुळेच लायब्रऱ्या बंद होतात. पण तिसरं पान मी पुढच्या वेळी काढून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. शनिवारी येतेस का, एक काम आहे. गेले, तर टेबलावर चहा मांडलेला आणि काका शर्टाचं वरचं बटण लावून बसलेले. म्हणाले, "रायफलचं लायसन्स रिन्यू करायचंय. त्याला मला ओळखणारी दोन माणसं लागतात. घरचं माणूस चालत नाही. एक नेमबाजीच्या क्लबातला म्हातारा आहे. दुसरं माणूस शोधतोय."

"तुम्हाला काय कमी आहेत? अख्खं मंडळ ओळखतं."

"हाडांचे डॉक्टर गेले. डोळ्यांचे नाशिकला परत गेले. मुलांचे डॉक्टर आहेत इथेच, पण परवा फोन केला तर त्यांना मी आठवेना. फार नम्रपणे बोलले बिचारे." काकांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "मग राहिलीस तू."

"काका, मी हाय स्ट्रीटवर काय वाटते ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"वाचलंय की. तू माझ्याबद्दल बरं बोललीस तर पोलिसांना पटेल तरी."

मग खरी अडचण सांगितली. प्रत्येक नळीची लायसन्सवर वेगळी नोंद असते, आणि दोन कशाला हव्यात ते पोलीस विचारतात. जी वापरात नाही ती ठेवता येत नाही. जाड गोळीची नळी काकांची. बारीक गोळीची काकूंची. जाड गोळीचा धक्का काकूंच्या खांद्याला सोसायचा नाही, म्हणून तर दोघांनी मिळून ही बदलत्या नळीची रायफल घेतली होती. काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

मी म्हटलं, आधी बघते, मग ठरवते. त्या रात्री तिथेच राहिले आणि रविवारी त्यांच्याबरोबर क्लबात गेले. क्लब म्हणजे काय, ओलं गवत, मातीचा बांध, पत्र्याचं छप्पर आणि फ्लास्कमधून चहा पिणारी वयस्कर माणसं. मी भाषणाच्या तयारीने गेले होते. काकांनी बारीक नळी बसवली. टक्, टक्. आडवे झाले, पाच गोळ्या मारल्या. मग उठले, आणि चटईवरून बाजूला होऊन जरा वेळ उभे राहिले, कोणाला तरी उठायला जागा द्यावी तसे. मग नळी बदलली, टक्, टक्, पुन्हा आडवे झाले आणि पाच जाड गोळ्या मारल्या. दुर्बिणीतून दोन्ही कागद बघितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज पण काकूच जिंकली."

शेजारचा तो म्हातारा फ्लास्कचं झाकण फिरवत म्हणाला, "शी युजुअली डझ."

परत येताना गाडीत मी सरळ विचारलं. वळणं घेत बोलायला मला येत नाही. "काका, तुम्ही घरात एकटे असता. कपाटात रायफल असते. माझं नाव द्यायचं तर मला हे विचारायलाच लागेल."

काकांनी राउंडअबाउट पार केला. मग म्हणाले, "माणसाला झोपवणं सोपं असतं गं. मला पगार मिळायचा तो परत जागं करण्याचा. मी अजून त्याच ड्यूटीवर आहे." सिग्नलला गाडी थांबली. "एकटं वाटतं का म्हणशील, तर वाटतं. रविवारी नाही. रविवारी क्लब असतो. शनिवारी वाटतं."

मी माझं नाव दिलं.

काही आठवड्यांनी पोलिसांचा फोन आला. बाई फार सौजन्याने बोलत होत्या. किती वर्षं ओळखता? मी शाळेत होते तेव्हापासून. तापट आहेत? नाही, तापट मी आहे. दोन्ही नळ्या वापरतात? दोन्ही, मी स्वतः पाहिलंय. तुम्हाला कसली काळजी वाटते का? म्हटलं, मला प्रत्येक घरातल्या प्रत्येक बंदुकीची काळजी वाटते, पत्रक पाठवू का. बाई हसल्या. मग त्यांचा आवाज जरा बदलला. "ही लिव्हज अलोन, आय सी. डझ एनीवन लुक इन ऑन हिम?" एकटे राहतात, तर त्यांच्याकडे कोणी डोकावतं का, असं.

त्या अख्ख्या वर्षात मी काकांकडे दोनदा गेले होते. एकदा पत्रक द्यायला, एकदा त्यांनी बोलावलं म्हणून.

"आय डू," मी म्हटलं. "एव्हरी सॅटरडे."

पुढची वाक्यं माझ्याकडे तयार होती. एकटेपणावर, कौन्सिलने बंद केलेल्या म्हाताऱ्यांच्या डे सेंटरवर, सरकारच्या नालायकपणावर. ती सगळी खरी होती. पण कानात टक् वाजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे थांबले.

लायसन्स आलं, दोन्ही नळ्यांसकट. आमच्या ग्रुपमधल्या एकीने मला सांगितलं की तू विकली गेलीस. असेल. माझं मत बदललेलं नाही. शनिवारी सकाळी मी अजूनही पत्रकं वाटते. दुपारी मात्र काकांकडे असते. पहिल्या शनिवारी त्यांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं, बरोबर कोणी आहे का म्हणून. "काय काम काढलंस?" मी म्हटलं, काही नाही. तसे ते कांदा चिरायला आत गेले. आता शुक्रवारी संध्याकाळी मेसेज येतो: उद्या कुठलं कॅलिबर, लसूण की मोहरी?

आम्ही फारसं बोलत नाही. जेवतो, भांडी घासतो, ते पाना पुसून ठेवतात. इथे हिवाळ्यात चार वाजताच अंधारायला लागतं. मी निघते तेव्हा ते दारात उभे राहतात, मी फाटकापर्यंत पोचले की हात करतात आणि दार लोटतात. मी लगेच जात नाही. आतून कडी बसल्याचा बारीकसा टक् ऐकू येतो, मग स्टेशनकडे चालू लागते.