देवरे मावशींचा अँटेना

देवरे मावशी गच्चीवर अँटेना फिरवायच्या आणि मी खाली त्यांच्या घरात रेडिओच्या ट्यूनरसमोर बसून फोनवर सांगायचो, आवाज कसा येतोय ते. आता त्या पुण्याला लेकाकडे असतात. नाशिकरोडच्या आमच्या एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांनी या कामाला मलाच का धरलं, हे मला अजून उमगलेलं नाही. मला तबला कुठला नि ढोलकी कुठली, हेही छातीठोक सांगता येत नाही.

मावशींनी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात उपकरणं तपासण्यात काढली होती. आवाज 'छान' आहे म्हटलेलं त्यांना खपत नसे. "छान म्हणजे काय? भाजी आहे का ती? खरखर आहे का, 'स' फाटतोय का, तेवढं सांग." सिग्नलचा काटा पार टोकाला गेला की मी खूश होऊन कळवायचो, आणि नेमक्या तिथूनच त्या अँटेना पुढे सरकवायच्या. "काटा सांगतो, किती आलं. काय आलं ते कानाने बघायचं." समोर बारा मजली इमारत झाल्यापासून लहरी तिच्यावर आपटून पुन्हा येतात आणि शब्द पुसट होतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून अँटेनाची पाठ त्या इमारतीकडे हवी, मग सिग्नल थोडा कमी मिळाला तरी बेहत्तर. स्टिरिओचं बटण बंद केलं की खरखर कमी होते, एवढं एकच मला स्वतःहून कळलं.

लेक फोनवर सारखा कान तपासून घे म्हणायचा. मावशींचा क्रम ठरलेला होता. "आधी वायर, मग यंत्र, शेवटी माणूस."

खाली येऊन त्या स्वतः ऐकायच्या. "अजून पुसटच. तुलाही तसंच येतंय ना?" मी हो म्हणायचो. खरं तर मला लख्ख ऐकू येत होतं. पण या बाईंपुढे माझ्या कानांची काय मातब्बरी? शिवाय त्या पुसट म्हणाल्या की मलाही जरा पुसट वाटू लागायचं. मग नवी वायर आली, दांडा उंच झाला. दोन महिने गेले.

एका रविवारी माझी बायको मला जेवायला बोलवायला आली. दारातूनच म्हणाली, "किती स्वच्छ लागतो हो मावशी तुमचा रेडिओ."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या की त्या नामपूरच्या माहेरच्या अहिराणीत शिरत. "भाऊ, तुले काय ऐकू येस? खरं सांग."

"पहिल्यापासून स्वच्छच येतंय," मी म्हणालो.

त्यांनी आधी डावा, मग उजवा कान स्पीकरला लावला. मग रेडिओ बंद केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशीबशी माफी मागितली, पण ती खोटं बोलल्याची होती की खरं बोलल्याची, ते माझं मलाच कळेना.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे सोबत ये," त्या म्हणाल्या. "ते हेडफोन लावून विचारतात, ऐकू येतंय का म्हणून. तिथे माझ्या बदली हो म्हणू नकोस."