फोरमनचं खातं

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला होता, कारण घरात दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला सासरे, मधे भाजीचं पातेलं, अशी त्या घराची मांडणी. गल्लीत तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. एका वकिलाच्या कचेरीत तिने बरीच वर्षं टायपिंग केलं होतं. कचेरी बंद झाली, वकील मुलाकडे राहायला गेले आणि ती घरी बसली. घरी बसलेल्या बाईला किती कामं सांगता येतात हे तिला त्या काळात नीट समजलं. मग एका डॉक्टरीणबाईंनी तिला काम दिलं. रोगी तपासून झाला की बाई रेकॉर्डरवर बोलून ठेवत, आणि ते ऐकून ती घरी बसून रिपोर्ट टाइप करून देई. हे काम तिच्या जिवाभावाचं होतं. त्या दोन-तीन तासांत तिला कुणी मीठ कुठे आहे असं विचारलेलं चालत नसे, आणि तरीही विचारत.

सासऱ्यांना गल्ली फोरमन म्हणे आणि ती अण्णा. साबणाच्या कारखान्यात ते फोरमन होते आणि स्टोअरच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो जुडगा साहेबांच्या टेबलावर ठेवला. पण अजूनही घराबाहेर पडताना त्यांचा हात कमरेशी जाई, काही सापडत नसे, मग ते उगाच शर्ट खाली ओढून निघत. माणूस मनाने चांगला, पण आपल्याला न विचारता जगात काही चालू आहे ही कल्पनाच त्यांना सोसत नसे.

पहिला घोटाळा दुधामुळे झाला. दूध उतू जातंय म्हणून ती उठली आणि रिपोर्ट पडद्यावर तसाच राहिला. अण्णांनी चष्मा लावला आणि तो शेवटपर्यंत वाचला. रिपोर्ट होता कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा. संध्याकाळी ब्रेड आणायला गेले तेव्हा त्यांनी भर गिऱ्हाइकांत त्याला विचारलं, की मूळव्याधीचं कसं आहे आता, कोमट पाण्यात बसतोस ना नेमाने? बेकरीवाल्याने हे दुखणं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो लालबुंद चेहऱ्याने दवाखान्यात गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी हिला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. पुन्हा असं झालं तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल, एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

अण्णांना मात्र आपण काय केलं हे कळेचना. चौकशी केली, आपुलकीने केली, त्यात कुणाचं काय बिघडलं? बेकरीवाला दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलायला लागला. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या जादा किल्ल्या त्याच्याकडे असत, कारण बेकरी पहाटेपासून उघडी. अशा माणसाला फार दिवस रुसून चालत नाही.

तिने ठरवलं, आता कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं. तिचं वेगळं, अण्णांचं वेगळं, दोन्हींना पासवर्ड, आणि ती उठली की पडदा आपोआप बंद. नवरा बस चालवायचा. त्याला विचारलं तर तो बूट चढवत म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर, आणि ड्यूटीवर गेला. त्या घरातली सगळी भांडणं याच वाक्याने सुरू होत आणि तो परत येईपर्यंत टिकत.

खाती उघडली तेव्हा अण्णा मागे उभे होते. तिच्या नावाखाली अक्षरं आली, अॅडमिनिस्ट्रेटर. त्यांच्या नावाखाली आली, स्टँडर्ड. तिने समजावलं की अॅडमिनिस्ट्रेटरला नवीन प्रोग्रॅम टाकता येतात, इतरांचे पासवर्ड बदलता येतात, आणि स्टँडर्डला आपापलं काम करता येतं, एवढाच फरक. पण अण्णांनी एकच शब्द धरला. त्यांच्या कारखान्यात स्टँडर्ड म्हणजे बिनवासाची कपडे धुवायची वडी. ज्या मालाला सुवासिक म्हणून विकता येत नसे, त्यावर तो शिक्का मारत. त्यांनी स्वतः हजारो वड्यांवर मारला होता. आता तो त्यांच्यावर सुनेने मारला.

मग जे सुरू झालं त्याने तिच्या नाकी नऊ आले. अण्णा सकाळी पासवर्ड ठरवत आणि दुपारी विसरत. विसरले की आठवेल ते टाकत, पुन्हा टाकत, कॉम्प्युटर वैतागून खातं बंद करे, आणि ते तिच्याकडे असं बघत की जणू तिनेच आतून कडी लावली आहे. एक दिवस पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या खाली चिकटवलेली दिसली. तिने काढली. दुसऱ्या दिवशी तो पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून. तिने महिना फाडला. आणि मग एकदा ती ब्रेड घ्यायला गेली तेव्हा बेकरीवाल्याने आपण होऊन विचारलं, फोरमनचा पासवर्ड हवाय का वहिनी, माझ्याकडे ठेवलाय त्यांनी पाकिटात, डुप्लिकेट म्हणून. तिने कपाळावर हात मारला. अण्णांच्या खात्यात जुने फोटो आणि पत्त्यांचा खेळ याखेरीज काही नव्हतं, म्हणून तिने तो विषय सोडून दिला. सोडून देण्यात ती आता तरबेज झाली होती.

त्यापेक्षा जास्त छळ दुसऱ्याच गोष्टीने मांडला होता. अण्णांना कधी नवा खेळ हवा असे, कधी प्रिंटर जोडायचा असे, कधी घड्याळाची वेळ पुढे-मागे करायची असे. प्रत्येक वेळी पडद्यावर चौकट येई आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागे. मग हाक येई, सूनबाई, हे तुझी किल्ली मागतंय. तिचे हात पिठात असोत की साबणात, ती येई, पुसे, टाइप करी. अण्णा मागे हात बांधून उभे राहत आणि दर वेळी एक लहानसा सुस्कारा सोडत. तो सुस्कारा तिला रात्री अंथरुणातसुद्धा ऐकू येई. जेवताना ते गप्प, चहा मुद्दाम थंड करून पिणार, आणि कुणी विचारलं की म्हणणार, आमचं काय, आम्ही स्टँडर्ड.

शेवटी तिने हात टेकले, पण अर्धेच. एका सकाळी अण्णा फिरायला गेलेले असताना तिने त्यांच्या खात्याचं नाव बदललं आणि लिहिलं, मुख्य फोरमन. खातं होतं तसंच, स्टँडर्डच, नुसती वरची पाटी नवी. अण्णांनी कॉम्प्युटर लावला, नाव वाचलं, आणि खुर्चीत ताठ बसले. त्या दिवशी त्यांनी चहा गरम प्यायला. संध्याकाळी बेकरीवर जाऊन सांगूनही आले की घरच्या कॉम्प्युटरचा कारभार आता आपल्याकडे आलाय. चौकट येतच होती. पण ती नियमाप्रमाणे दोघांची सही मागते, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि तिने ते खोडून काढलं नाही. तिला थोडं लाजल्यासारखं झालं. पण नुसत्या एका नावाने घर शांत होत असेल तर होऊ दे, असं म्हणून तिने तेही सोडून दिलं.

पुढल्या महिन्यात ती टाइप केलेले रिपोर्ट द्यायला दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई समोर बसून एकेक कागद बघत होत्या. काम स्वच्छ होतं, आणि बाई तसं म्हणणारही होत्या बहुतेक, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. अण्णा होते, आपल्या मोबाइलवरून. घाईत, पण खुशीत. कॉम्प्युटर कंपनीच्या सुरक्षा विभागातून एका साहेबांचा घरच्या फोनवर फोन आलाय, आपल्या कॉम्प्युटरमध्ये फार मोठा व्हायरस शिरलाय, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रोग्रॅम उतरवून घेतलाय, पण आता चौकट आली आहे आणि माझा पासवर्ड घेत नाहीये. साहेब लाइनवर थांबलेत, तुझा पासवर्ड सांग लवकर.

सगळ्या रोग्यांचे रिपोर्ट त्याच कॉम्प्युटरवर होते.

"अण्णा, तो चोर आहे," ती म्हणाली. "दोन्ही फोन ठेवा आणि कॉम्प्युटरचा प्लग काढा."

"चोर कसा असेल? मला सर म्हणतोय."

"चोरच आहे. मी पासवर्ड सांगणार नाही."

मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मग माझा का चालत नाही? मी मुख्य आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला होता आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी गेल्या सगळ्या महिन्यांचा वैताग उसळला.

"नाही, अण्णा. तुम्ही मुख्य नाही. मी फक्त नाव बदललं होतं."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. काय झालं ते तिने बाईंना खरंखरं सांगितलं. लपवून आता काही उपयोगही नव्हता. बाई म्हणाल्या, आधी घरी जा आणि बघा, मग मला सांगा. पुढचं त्या काही बोलल्या नाहीत, पण ते तिला पाठ होतं.

बसमध्ये तिला बसवेना. अण्णांचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या सर म्हणणाऱ्या मेल्याचा आला, आणि पुढे सावकाश बस हाकणाऱ्या परक्या ड्रायव्हरचाही आला. अण्णांनी चिडून काय केलं असेल? त्या माणसाने आणखी काही करायला लावलं असेल? लोक विश्वासाने डॉक्टरला सांगतात ते आपल्या जेवणाच्या टेबलावरून चोरीला जायचं, आणि काम तर जाणारच. मग पुन्हा ती घरी बसणार, आणि मीठ कुठे आहे ते सांगणार.

घरी आली तर पडदा काळा होता. प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेली. अण्णा आपल्या टोकाला बसले होते, हात मांडीवर. तिने पर्स टाकली, इंटरनेटची वायर काढली, कॉम्प्युटर लावला आणि एकेक करून सगळं तपासलं. चोराचा प्रोग्रॅम अण्णांच्या खात्यात नुसता उतरलेला होता, चाललेला नव्हता. चौकटीने त्याला अडवलं होतं. रिपोर्ट जागच्या जागी होते. तिने प्रोग्रॅम पुसून टाकला आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले, आणि उद्याचा रेकॉर्डर घेऊन जायला नेहमीच्या वेळी या म्हणाल्या.

आता तिच्या तोंडाला जोर आला. तिने सगळं काढलं. बेकरीवाल्याची मूळव्याध, चिठ्ठ्या, कॅलेंडर, डुप्लिकेट, सुस्कारे, थंड चहा. कुणी गोड बोललं की घर उघडं टाकायचं का, माझा पासवर्ड तुमच्या हाती असता तर तोही वाचून दाखवला असता तुम्ही त्या माणसाला, असंही ती म्हणाली. ती दमून थांबली तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझा पासवर्ड माहीत आहे मला."

"काय?"

"पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. माझ्यासमोरच टाइप करायचीस. कुणाचा हात कुठे जातो ते बघण्यात जन्म गेला माझा." आणि त्यांनी टेबलावर बोटाने तो तसाच ठोकून दाखवला, शेवटच्या दोन अक्षरांसकट, बरोबर.

"मग टाकला का नाही?" तिने विचारलं. "मला फोन कशाला केलात?"

"तो माणूसही तेच म्हणत होता. घरातल्या कुणाचा माहीत असेल तर टाका, म्हणाला." अण्णा आपल्या हातांकडे बघत होते. "किल्ली दिसली म्हणून काय झालं? कुणी हातात दिली नव्हती. न दिलेल्या किल्लीने मी कधी कपाट उघडलं नाही, सूनबाई."

इतके महिने ती अण्णांपासून कॉम्प्युटर जपत होती, आणि इतके महिने अण्णा तो तिच्यासाठी जपत होते. आणि तिने त्यांना खोटी पाटी दिली होती. वाईट वाटलं, फार वाटलं. आणि त्यातच हेही वाटलं, की पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर पासवर्ड तेव्हाच बदलला असता की! पण ते ती बोलली नाही.

ती खुर्चीवर बसली. पासवर्ड तर आता बदलायलाच हवा होता. तिने चौकट उघडली आणि मागे वळून काही म्हणणार, तोच अण्णा आपली खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून बसले. रस्त्याकडे बघत राहिले, तिच्या बोटांचा आवाज थांबेपर्यंत. झालं, असं तिने सांगितल्यावरच वळले.

पडद्यावर दोन नावं होती, एक तिचं आणि एक मुख्य फोरमन. तिने विचारलं, हे नाव बदलून टाकू का पहिल्यासारखं?

अण्णांनी चष्मा लावून नाव पुन्हा एकदा वाचलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बेकरीवाल्याला सांगून झालंय."