गेजमास्तरच्या मेंदूचं वंगण

पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो. तिथल्या बॉयलरवर एक गृहस्थ होता. वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा वाचण्याआधी तो त्याच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचा, म्हणून सगळे त्याला गेजमास्तर म्हणत. बावीस वर्षं त्यानं बॉयलर सांभाळला, पण मदतनीस म्हणून. परवाना दुसऱ्याच्या नावावर होता आणि घाम याचा.

मग परवानावाला निवृत्त व्हायला आला. साहेबांनी गेजमास्तरला बोलावलं. म्हणाले, "तीन महिन्यांनी परीक्षा आहे. पास झालात तर बॉयलर तुमचा. नाहीतर रद्दीच्या गोदामात गठ्ठे रचायला जायचं."

तो आधी दोनदा नापास झाला होता. दुसऱ्या वेळी परीक्षकानं सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल विचारलं आणि यानं पंपाची तीन पानं धडाधड म्हणून दाखवली. परीक्षकानं हात वर केला तरी गाडी थांबेना.

आळशी मात्र तो नव्हता, हे मी लिहून देतो. परीक्षेच्या टिपणांची अख्खी वही त्यानं चाळीस वेळा वाचली होती. महत्त्वाच्या ओळीखाली लाल रेघ मारायचा. शेवटी शेवटी रेघ नसलेली ओळ शोधावी लागायची.

त्याची सून शाळेत शिकवायची. मेंदू शिकतो कसा, याचं एक प्रशिक्षण तिनं सुट्टीत घेतलं होतं. एका रविवारी ती वही घेऊन त्याच्यासमोर बसली. मी तिथंच त्यांच्या नळाचा वायसर बदलत होतो.

"बाबा, वही मिटली. आता सांगा, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करायचं?"

"पान सतरा. वरून चौथी ओळ."

"ओळ नको, उत्तर सांगा."

गेजमास्तर छताकडे बघू लागला. "वही उघडी असती तर सांगितलं असतं."

"वही उघडी असती तर मीही सांगितलं असतं."

आतून त्याची बायको म्हणाली, "माझा वाढदिवसही त्यांना असाच पाठ आहे. कॅलेंडर समोर धरलं की."

गंमत म्हणजे पाणी दिसेनासं झाल्यावर करायचं हेच काम त्यानं माझ्यादेखत बिनचूक केलेलं होतं. हात आपोआप चालायचे. तोंड तेवढं वहीच्या जिवावर होतं.

सूनबाईनं समजावलं. "पुन्हा पुन्हा वाचलं की ओळ ओळखीची होते, आणि आपल्याला वाटतं, आलं. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं. न बघता आठवायला लागलं की मेंदूतली वाट पक्की होते. आणि थोडं विसरायला झालं की मगच पुन्हा विचारायचं. आधी एका दिवसानं, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं."

"म्हणजे विसरायचंसुद्धा?"

"थोडं."

"ते मला जमतं."

मला हे कामचुकारांचं शास्त्र वाटलं. चाळीस वेळा वाचायचं म्हणजे कष्ट. डोळे मिटून बसायचं म्हणजे काय? मी तसं बोललो. ती म्हणाली, "काका, पंपाचं सील कसं बसवतात ते पायरी पायरीनं सांगा. हात न हलवता." मी शेकड्यानं सील बसवली असतील. तिसऱ्या पायरीला अडकलो आणि कपाळावर घाम आला. घाम आला म्हणजे कष्ट आहेत. मी पुन्हा नळाकडे वळलो.

सोमवारी गेजमास्तरनं डोकं लढवलं. बॉयलरखोलीत वंगणाचा तक्ता होता. पंखा रोज, कन्व्हेअर चार दिवसांनी, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग महिन्यातून एकदा. त्यानं प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या आणि ग्रीस भरायच्या जागेशेजारी डकवल्या. चुकलेला प्रश्न पंख्यापाशी, बरोबर आला की कन्व्हेअरपाशी, तिथंही आला की पंपापाशी. उत्तर दिल्याशिवाय ग्रीसगन दाबायची नाही. सूनबाईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे आमच्या प्रशिक्षणातही इतकं नीट मांडलं नव्हतं." तो आठवडाभर ताठ मानेनं चालत होता.

घोळ पुढं झाला. परीक्षा जवळ आली तसा त्याचा धीर सुटला. पंपापाशी महिन्यातून एकदा जाणं त्याला परवडेना. तो दिवसातून चार वेळा जायचा, उत्तर द्यायचा आणि नेमानं ग्रीसगनही दाबायचा. शुक्रवारी पंपाचं बेअरिंग हात लावू देईना इतकं तापलं. मी झाकण सैल केलं आणि आतली ग्रीस पिचकारीसारखी माझ्या तोंडावर आली.

"अभ्यास तुझा आणि तोंड माझं?" मी म्हणालो.

"जास्त घातली तर चांगलंच की."

"बावीस वर्षं बॉयलरवर काढलीस ना? बेअरिंगला ग्रीस जास्त झाली की ते तापतं."

साहेबही आले. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न बोलता बाहेर जाऊन हसले. आम्हाला ऐकू आलं.

घरी हे सांगितल्यावर सूनबाई म्हणाली, "मेंदूचंही तेच आहे. एका दिवसात चार वेळा तोच प्रश्न विचारून काय उपयोग? विसरायला वेळच मिळत नाही. आणि झोप नीट घ्या. दिवसभरातलं झोपेत पक्कं होतं."

झोपेचा सल्ला त्यानं मनापासून घेतला. जेवणाच्या सुट्टीत परवानावाल्याला बॉयलरवर बसवून तो बाकावर आडवा व्हायचा. साहेबांनी हटकलं, तर डोळे न उघडता म्हणाला, "झोपलो नाही साहेब. सतरावं पान पक्कं करतोय."

परीक्षेला मी रजा काढून गेलो. तोंडी परीक्षेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?"

तो बोलेना. मला वाटलं, गेलं, आता गठ्ठे. मग तो सावकाश, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "आधी आग बंद. आत पाणी सोडायचं नाही. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटेल. थंड होऊ द्यायचा आणि वरती कळवायचं."

पाठ केलेलं वाटलं नाही. परीक्षकानं पेन खाली ठेवून पुढचे प्रश्न विचारले. पाण्यातला ऑक्सिजन का काढतात, यावर त्यानं फेस येऊ नये म्हणून असं सांगितलं. ते चुकलं. बाकी सगळं आलं.

दुपारी यादी लागली. तो पास होता. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. तो पुन्हा आत गेला. परीक्षकानं नुकताच डबा उघडला होता. गेजमास्तर त्याच्यासमोर उभा राहिला आणि ऑक्सिजनचं खरं उत्तर विचारूनच बाहेर आला. आत गंज धरू नये म्हणून काढतात, हे मलाही त्या दिवशी कळलं.

मग त्यानं घरी फोन लावला. पलीकडे सूनबाई होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"पास? छान. चुकलं काय?"

त्यानं सांगितलं.

"बरं. परवा विचारते."

"अगं, मी पास झालो. परवाना मिळाला. आता कशाला?"

"परवाना मिळाला म्हणूनच. उद्यापासून शेजारी विचारायला कोणी नाही."

गेजमास्तरनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "बरोबर बोलते. पण आज तरी बोलू नये असं वाटतं."